मेस्त्रेची शाळा



शाळेत मूल काय शिकते? लिहिणे, वाचणे आणि हिशेब. हे तर हवेच. पण शाळेत याशिवाय आणखीही काही चालते. कुठे लेझीम, कुठे गाणी, कुठे बागकाम, कुठे नाटक. पुष्कळ पालकांना हे आवडत नाही.

आम्ही हेडमास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, पोराला शिकायला धाडलंय का ढोल बडवायला? त्यापरीस घरी गुरं तरी राखील."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गरिबाच्या घरी मुलाचा एक तास गेला, की एक तासाचे काम अडते. मग पुस्तकाबाहेरचे शिकवण्यात वेळ का घालवावा? त्याने पोट भरते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण शेजारच्या गोव्यात जाऊ.

चर्चची शाळा

गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य १५१० साली सुरू झाले. ते १९६१ सालापर्यंत टिकले. त्या राज्यात बरेच लोक कॅथलिक ख्रिस्ती झाले. गावोगाव चर्चे उभी राहिली. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून लहान मुलांच्या शाळा निघाल्या. तेथे मुले धर्माचे पाठ, लिहिणे, वाचणे आणि अंकगणित शिकत. हिंदू मुलांचे शिक्षण सहसा वेगळे चाले, आणि ते पुष्कळदा मराठीतून होई.

चर्चच्या शाळेतल्या गुरुजींना 'मेस्त्रे' म्हणत. हा पोर्तुगीज शब्द आहे. आपण कसबी कारागिराला 'मिस्त्री' म्हणतो ना? तो शब्द यावरूनच आला आहे.

मेस्त्रेकडे आणखी एक काम असे. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गाणारे हवेत, वाजवणारे हवेत. ते आणायचे कोठून? म्हणून मेस्त्रे गावातल्या मुलांनाच गाणे आणि वाजवणे शिकवत. पाटीवरचे धडे एकीकडे, संगीत दुसरीकडे. शेतकऱ्याची मुले, सुताराची मुले, रेंदेराची मुले, सगळी एकत्र गात. रेंदेर म्हणजे माडावर चढून माडी काढणारा.

सुरांची अक्षरे

मेस्त्रे मुलाच्या हातात लगेच वाद्य देत नसत. आधी सुरांची ओळख. आपण सा रे ग म म्हणतो, तसे ते दो रे मी फा म्हणत. मुलाने हाताने ताल धरायचा आणि कागदावर बघून सूर म्हणायचे. हे नीट जमले, की मग व्हायोलिन. गोव्यात त्याला रेबेक म्हणत.

कागदावर बघून सूर कसा म्हणायचा? ते समजून घेऊ. कागदावर आडव्या पाच रेघा असतात. त्या रेघांवर आणि रेघांच्या मध्ये ठिपके काढतात. ठिपका वर असेल तर सूर उंच. ठिपका खाली असेल तर सूर खालचा. पोकळ ठिपका म्हणजे सूर जास्त वेळ धरायचा. भरीव ठिपका म्हणजे कमी वेळ.

म्हणजे पहा, ही सुरांची बाराखडीच झाली. आपण 'क' पाहतो आणि तोंडाने 'क' म्हणतो. तसेच ते मूल ठिपका पाहते आणि तो सूर म्हणते. कधी न ऐकलेले गाणेसुद्धा त्याला कागदावरून वाचता येते. दुसऱ्याने गायलेले गाणे कागदावर उतरवूनही घेता येते.

मुंबईची वाट

गोव्यात सगळ्यांना पुरेल एवढे काम नव्हते. पुष्कळ तरुण मुंबईला निघाले. मुंबईत एकेका गावची 'कूड' असे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. थोड्या पैशांत तेथे खाट टाकता येई. काही तरुण जहाजावर चढले. काहींनी स्वयंपाकघरे धरली. आणि ज्यांना मेस्त्रेने सूर शिकवले होते, ते बँडमध्ये गेले, हॉटेलांत गेले, नाटकगृहांत गेले.

१९३१ साली हिंदी बोलपट आला. पडद्यावर गाणी सुरू झाली. गाण्यांना वाद्ये हवी होती. संगीतकार सुंदर चाल बांधत. पण ती पन्नास वादकांना सांगायची कशी? एकेकाला तोंडी शिकवत बसले तर दिवस जातील. तेथे गोव्याचे वादक उपयोगी पडले. ते चाल ऐकत, कागदावर लिहीत, आणि कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवायचे तेही लिहीत. कागद वाटले, की सगळे वादक एकाच वेळी वाजवू लागत.

सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांसाठी हे काम केले. हळदोणे गावचे 'चिक चॉकलेट' तुतारीसारखे वाद्य, ट्रंपेट, वाजवत. १९५१ साली 'अलबेला' नावाचा चित्रपट आला. त्याचे संगीत आपल्या सी. रामचंद्र यांचे. त्या संगीतात चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांची गोष्ट तर लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १९२७ सालचा. वडील गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचे प्रमुख होते. त्यांच्याकडेच मुलगा शिकला. पुढे तो मुंबईत नावाजलेला व्हायोलिनवादक झाला, आणि शिक्षकही झाला. प्यारेलाल नावाचा एक मुलगा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकला. तेच पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला. त्याला या जोडीचे संगीत होते. त्यातल्या एका नायकाचे नाव अँथनी गोन्साल्विस ठेवले आहे. शिष्याने गुरूची अशी आठवण ठेवली. गुरुजी २०१२ साली वारले.

दुसरी बाजू

मंडळी, या गोष्टीत सगळे गोडच आहे असे नाही. या वादकांना बहुधा दिवसाची मजुरी मिळे. गाणे देशभर गाजे, पण ते कागदावर मांडणाऱ्याचे नाव पडद्यावर क्वचितच येई. कित्येकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. शिवाय व्हायोलिन घेऊन मुंबईला गेले ते बहुतेक पुरुषच. त्यांच्या बहिणी घरीच राहिल्या. जुन्या पद्धतीच्या त्या शाळाही विसाव्या शतकात एकेक करून मागे पडल्या.

तरी एक गोष्ट खरी. मेस्त्रेने नोकरीसाठी शिकवले नव्हते. प्रार्थना चांगली व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण जे शिकवले ते पक्के शिकवले. रोज शिकवले. सुताराच्या पोरालाही शिकवले. म्हणून ते चर्चबाहेरही उपयोगी पडले आणि हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

आमची चूक

आता त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. आम्ही त्यांचे ऐकले. लेझमीचा तास बंद केला आणि त्या तासाला गणित लावले. आम्हाला वाटले, आता मुले पुढे जातील.

त्यांच्या मुलाला बेरीज जमत नसे. पण ढोलावर त्याची एक मात्रा चुकत नसे. सोळा मोजून तो बरोबर सम गाठी. तास बंद झाला आणि पंधरा दिवसांत मुलगा शाळेत यायचा थांबला. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. खाली बघून म्हणाले, "ढोल होता तोवर येत होता बघा, गुरुजी."

आम्हाला उत्तर सुचले नाही. जो मुलगा ढोलावर सोळा मोजतो, त्याला त्या ढोलावरूनच बेरीज शिकवता आली असती. ते तेव्हा आम्हाला दिसले नाही. पुढच्या वर्षी आम्ही लेझीम पुन्हा सुरू केली. पण तो मुलगा परत आला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तुमचे मूल शाळेत गात असेल, वाजवत असेल, झाडे लावत असेल, तर रागावू नका. एकदा शाळेत जा. काय शिकवतात ते बघा. नीट शिकवतात का, सगळ्यांना शिकवतात का, मुलींनाही शिकवतात का, हे गुरुजींना विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि शिकवणे पक्के असेल, तर गुरे राखण्याचा तो एक तास मुलाला द्या.

शब्दांचे अर्थ

कसबी : हातात कला असलेला.
बोलपट : ज्यात माणसे बोलतात असा सिनेमा.
मात्रा : तालातला एक ठोका.
सम : तालाची पहिली मात्रा.

वाचा आणि सांगा

१. मेस्त्रे मुलांना आधी वाद्य का देत नसत?
२. पाच रेघांवरचे ठिपके वाचणे आणि अक्षरे वाचणे यांत सारखे काय आहे?
३. गोव्याच्या वादकांची सिनेमाला गरज का पडली?
४. तुमच्या गावच्या शाळेत पुस्तकाबाहेरचे काय शिकवतात? घरच्या मुलाला किंवा मुलीला विचारा आणि चार ओळी लिहा.