आधी धातू ओळखा, मग ब्लास्टिंग

जुनी गाडी खोलली की गंज, काजळी आणि थरावर थर चढलेला रंग एकदमच समोर येतो, आणि कोणी ना कोणी सांगतेच, "सँडब्लास्ट करून टाक." पण कशाने आणि किती जोराने मारायचे हे गंजावरून ठरत नाही. ते त्या भागाच्या धातूवरून ठरते.

काय करावे

- चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतकाम, म्हणजे हात हलका ठेवायचा.

- सस्पेन्शन आर्म, ब्रॅकेट अशा जाड पोलादी भागांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्या. मोह्‍स मापावर त्याची कठीणता ९ आहे. गंज भराभर निघतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्रायमर घट्ट धरतो.

- ॲल्युमिनियमच्या बाहेरच्या भागांना ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी वापरा. ४० ते ६० पीएसआय दाब पुरतो.

- बॉनेट, दरवाजा यांच्या पातळ पत्र्यावरचा रंग खायच्या सोड्याच्या ब्लास्टिंगने काढा. त्याने गंज निघेल, ही अपेक्षा ठेवू नका. नंतर पत्रा पाण्याने मन लावून धुवा. सांध्यात सोडा राहिला तर नवा रंग सुटतो.

- कॉम्प्रेसरचा हिशेब आधी करा. घरगुती २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण ५ ते ७ घनफूट हवा देतो. ३ मिमीच्या नोझलला ८० पीएसआयवर जवळपास १६ घनफूट लागते. मग टाकी लगेच रिकामी होते आणि दाब भरेपर्यंत थांबावे लागते. २ मिमीचे नोझल लावा आणि लहान भागच घरी करा. चेसिस, रिम बाहेर द्या.

- ग्रीस आणि ऑइल आधी काढा, भाग पूर्ण कोरडा होऊ द्या. तेलकट भाग कॅबिनेटमध्ये, म्हणजे ब्लास्टिंगच्या बंद पेटीत गेला की मीडियाच्या, म्हणजे मारायच्या कणांच्या गुठळ्या होतात. रॉकेलने धुतला असेल तर वास जाईपर्यंत थांबा.

- हवेच्या लाइनवर मॉइश्चर ट्रॅप लावा. कोकणात पावसाळ्यात तर टाकीतले पाणी रोज सोडा.

- आटे आणि बेअरिंगच्या जागा जुने बोल्ट व रबरी बूच लावून झाका.

- ब्लास्ट केलेले उघडे पोलाद हातमोज्यांशिवाय धरू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा. दमट हवेत काही तासांत तांबूस गंज धरतो.

काय टाळावे

- नदीची वाळू. कधीही नाही. ती स्वस्त आहे आणि सहज मिळते, म्हणूनच हे ठासून सांगायला हवे. वाळूचा कण धातूवर आपटून फुटतो आणि सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेने ब्लास्टिंगसाठी सिलिका वाळूवर बंदी घालण्याची शिफारस १९७४ मध्येच केली होती. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. दुसरा मीडिया असला तरी कॅबिनेटचे दार उघडताना निदान एन-९५ मास्क हवाच.

- इंजिनच्या आतले भाग. क्रँककेस, हेड, इन्टेक मॅनिफोल्ड दिसायला सुंदर होतात, पण ग्लास बीडचा मणी ऑइलच्या बारीक वाटेत अडकून बसतो. धुऊन, हवा मारूनही एखादा राहतोच. इंजिन सुरू झाल्यावर तो ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतो आणि तिथे चरे पाडतो. इतक्या मेहनतीने बांधलेले इंजिन एका मण्यापायी पुन्हा खोलावे लागावे, हे फार वाईट. कार्ब्युरेटरलाही हाच नियम, त्यासाठी अल्ट्रासॉनिक क्लीनिंग बरे.

- पातळ पत्र्यावर कठीण मीडिया, तोही सरळ समोरून. पत्रा ताणला जाऊन लाटा उठतात आणि त्या डेंटरलाही सहज बसवता येत नाहीत.

- ॲल्युमिनियमचा भाग पोलादी छऱ्यांच्या शॉट ब्लास्टिंगला देणे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ही मशीन असतात, ती लोखंडी कास्टिंगसाठी. पोलादाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे ठिपके येतात. बाहेर काम देताना मशीनमध्ये कोणता मीडिया आहे, हे आधी विचारा.

- क्रोम किंवा कॅडमियमचा मुलामा, शिसे असलेला जुना रंग, ब्रेक शू. यांची धूळ विषारी असते, आणि जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

- गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघड्यावर ब्लास्टिंग. ती धूळ शेजारच्या घरात, खेळणाऱ्या मुलांपर्यंत जाते. बंद कॅबिनेट आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम नसेल तर काम बाहेरच द्या.