थंडीचे कपडे घेताय? आधी बिल बघा

कॉटन ग्रीनला राहत असाल तर जाड लोकरी स्वेटरवर पैसे घालू नका. जानेवारीतही मुंबईचं किमान तापमान साधारण १६-१७ अंश; पहाटेच्या लोकलला हुडहुडी, दहाच्या उन्हात घाम. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा फ्लॅनेलचा शर्ट, एवढ्यावर भागतं. नाशिक-महाबळेश्वरला जाणार असाल तर लोकर घ्या.

तयार स्वेटर, कानटोप्या, मफलर परळला तिबेटी विक्रेत्यांकडे मिळतात, फक्त थंडीच्या मोसमात. मीटरवर फ्लॅनेल हवं तर हार्बरने सीएसएमटी गाठा, तिथून मंगलदास मार्केट. रविवारी बंद. सुती फ्लॅनेल आटतं, म्हणून पाव मीटर जास्त घ्या आणि शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. शिंप्याला दर विचारताना बटणं, कॅनव्हास धरून का, तेही विचारा. नाहीतर घ्यायला गेल्यावर आकडा वाढलेला असतो.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी, त्यापुढे १८. म्हणजे मूळ किंमत २,५०० असलेला स्वेटर २,६२५ ला पडतो आणि २,६०० वाला ३,०६८ ला. किंमत शंभराने वाढली, खिशातून ४४३ जास्त गेले! सुती रजईलाही हाच हिशेब. चिठ्ठीवरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. त्यावर वेगळा जीएसटी लावला तर देऊ नका.

‘प्युअर वूल’ म्हटलं की भाव चढतो. आतल्या शिवणीचा एक धागा काढून घरी चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, घरी धुता येतं. पण लोकरीचा भाव कशाला द्यायचा? ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलं असेल तर दर धुण्याचा खर्च किमतीत धरा.

पक्कं बिल घ्याच. माल सदोष निघाला आणि बिलावर परतीची मुदत नसेल, तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे ३० दिवसांत परत घेणं दुकानदाराला भाग आहे. टाळाटाळ केली तर बिलाचा फोटो काढून १९१५ वर तक्रार नोंदवा.

जुनी रजई पिंजायला देताय? कापूस तुमच्यासमोर तोलून घ्या, परत घेतानाही तोला. नवा कापूस किती घातला, खोळ आणि टाके धरून मजुरी किती, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.