इंजिन बदलायला हवा खात्याचे पैसे : कॅलिफोर्नियाच्या मच्छीमारांकडून शिकण्यासारखं

1 जून ते 31 जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला, खलाशी गावाक, आणि तांडेल इंजिनाच्या खोलीत वाकलेला. ह्या 61 दिवसांत दरवर्षी एकच हिशेब होतो : जुनं इंजिन अजून एक हंगाम ओढायचं की नवीन घालायचं? हंगाम वाईट गेला असेल तर उत्तर ठरलेलंच. रिंगा बदला, इंजेक्टर साफ करा, काळा धूर सोडत पुन्हा समुद्रात.

हा धूर कुणाच्या खात्यात येतो? आपल्याकडे प्रदूषण मंडळ म्हटलं की मुरगावच्या कोळशाची धूळ, खाणी, कारखान्याचं सांडपाणी असलं डोळ्यांपुढे येतं. इंजिनाची सवलत मागायची ती मत्स्योद्योग खात्याकडे. प्रदूषण मंडळाकडे बोटीच्या इंजिनासाठी पैसे मागायला कोणी जात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मात्र मच्छीमार नेमके तिथेच जातात.

तिथं हवेचं काम बघणारी 35 स्थानिक मंडळं आहेत, त्यांच्या वर राज्याचं हवा मंडळ. 1998 साली ह्या राज्य मंडळाने डिझेलच्या धुरातले कण विषारी म्हणून जाहीर केले. (2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनेही हा धूर कॅन्सरला कारण ठरवला. इंजिनाच्या खोलीत दिवस काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) त्याच 1998 मध्ये स्वच्छ इंजिनांवर काम केलेल्या डॉ. कार्ल मॉयर यांच्या नावाने अनुदान योजना सुरू झाली. ट्रक, ट्रॅक्टर आणि मासेमारी बोटींचीही जुनी डिझेल इंजिनं बदलायला ती पैसे देते. खर्चातला मोठा वाटा मंडळाचा, बाकीचा मालकाचा.

अटी कडक आहेत, आणि आपल्या कामाचं त्यातच आहे.

जुनं इंजिन विकता येत नाही. ब्लॉकला भोक पाडून ते निकामी करतात, म्हणजे दुसऱ्या बोटीवर जाऊन धूर काढणार नाही. करार व्हायच्या आधी इंजिन विकत घेतलं तर एक पैसा मिळत नाही. सर्वांत महत्त्वाचं, कायद्याने जे करायलाच लागणार आहे त्यासाठी अनुदान नाही. कायद्याच्या पुढे जाऊन जेवढा धूर कमी होईल तेवढ्याचेच पैसे. म्हणजे इंजिन बदलण्याची सक्ती यायच्या आधी जो अर्ज करतो त्याला मदत, आणि मुदत संपल्यावर धावतो त्याला फक्त दंडाची भीती. "बघूया पुढे" म्हणणारा मालक इथं बुडतो.

आता अडचणीच्या काळाचं. कॅलिफोर्नियात 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं सामन माशाची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. आपली बंदी दोन महिन्यांची, ही पूर्ण हंगामाची. अशा वेळी ही योजना उलटी अंगावर येऊ शकते. अनुदान ठरतं ते बोट किती तास चालते आणि किती डिझेल जाळते ह्यावर. बोट धक्क्याला बांधलेली, तर तास कमी. तास कमी तर वाचणारा धूर कमी, आणि अर्ज कमजोर. शिवाय पैसे घेताना ठरलेला वापर पुढे झाला नाही तर मंडळ पैसे परत मागू शकतं.

ह्यावर त्या नियमांत वाट ठेवलेली आहे. मंदीमुळे किंवा मालकाच्या हाताबाहेरच्या कारणामुळे बोट कमी चालली, तर ठराविक काळापुरती वापराची अट सैल करता येते. मात्र कारण कागदावर सिद्ध करावं लागतं. आमच्या मते ह्या सगळ्या योजनेत हीच तरतूद सर्वांत शहाणी. पैसे देणं सोपं. मासळी गेली त्या वर्षी मालकाच्या मागे वसुलीची नोटीस न लावणं हा खरा आधार. आपल्याकडे कोणत्याही खात्याची योजना आली तर सह्या करण्याआधी विचारायला हवं : हंगाम फुकट गेला तर काय?

आणखी एक. तिथं अनुदानाच्या इंजिनावर मागे फिरवता न येणारं तासाचं मीटर लागतं आणि दरवर्षी वापर कळवावा लागतो. आपल्यातल्या किती बोटींचा असा हिशेब कागदावर आहे? तांडेलाच्या डोक्यात असतो, पण कुठलंही खातं डोकं तपासत नाही. सोसायटीच्या पंपावरची डिझेलची बिलं तर आपल्याजवळच असतात, ती फक्त फेकायची नाहीत.

तेव्हा 1 ऑगस्टला बोट सुटायच्या आधी एक साधी वही घाला. तारीख, सुटताना आणि परत येताना मीटरचे तास, भरलेलं डिझेल, बिल नंबर. बोट वादळामुळे किंवा मासळी नसल्यामुळे बांधून ठेवली तर तोही दिवस लिहा, कारणासकट. ज्यांच्या इंजिनावर मीटर बंद पडलेलं आहे त्यांनी आत्ताच, इंजिन उघडलेलं आहे तोवर, मेकॅनिकला सांगून बसवून घ्यावं.