शहरी वाहतुकीतील निखळलेले सांधे

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला मुंबईकर आजही ‘दादर टी.टी.’ म्हणतात. ही दोन अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ या शब्दांची आहेत, हे नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे निघालेली ट्राम ही या शहरातील शेवटची ट्राम ठरली. रूळ गेले, डांबर आले. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. ट्राममधून उतरावे, तेथेच बस मिळावी आणि रेल्वेचे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर असावे, अशी ही जागा होती. प्रवाशाने एक वाहन सोडून दुसरे धरण्याच्या अशा जागेला आपण ‘सांधा’ म्हणू. हा सांधा नीट बसला नाही म्हणजे काय होते, तो का बसत नाही आणि तो बसविता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शहरी वाहतुकीची चर्चा बहुधा गाड्यांच्या संख्येवर येऊन थांबते. बसगाड्या किती, मेट्रोचे किलोमीटर किती, रोजचे प्रवासी किती, हे आकडे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा प्रवास हा एकच असतो. त्याचे तुकडे पडतात ते निरनिराळ्या यंत्रणांच्या सोयीने, आणि जेथे एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो तेथे दोन्ही यंत्रणांची जबाबदारी संपलेली असते. बस वेळेवर आली व वेळेवर गेली. गाडी वेळेवर आली व वेळेवर गेली. तरीही माणूस वीस मिनिटे रस्त्याच्या कडेला उभा राहिला. या वीस मिनिटांची नोंद कोणत्याच आगाराच्या वहीत होत नाही.

मुंबईत एके काळी हा प्रश्न निदान अंशतः तरी एका घरातला होता. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली व ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. ट्राम चालविणाऱ्या कंपनीनेच ती सुरू केली होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सर्व कारभार महानगरपालिकेकडे आला आणि ‘बेस्ट’ उपक्रमाच्या छत्राखाली ट्राम व बस पुढे सतरा वर्षे एकत्र नांदल्या. एक मालकी असली म्हणजे मेळ आपोआप बसतो असे नाही. पण तो बसविण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न तरी उरत नाही. उपनगरी रेल्वे त्या वेळीही वेगळी होती आणि आजही आहे.

प्रतीक्षेचे गणित

सांधा तीन ठिकाणी निखळतो: जागेत, वेळेत आणि भाड्यात. यांपैकी वेळेचा भाग सर्वांत कमी समजून घेतला जातो, म्हणून त्याचा विचार थोड्या विस्ताराने करू.

समजा, एका मार्गावर दर २० मिनिटांनी बस सुटते. वेळापत्रक न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला कधी लगेच बस मिळेल, कधी वीस मिनिटे थांबावे लागेल. सरासरी प्रतीक्षा १० मिनिटांची होईल. आता रहदारीमुळे बसगाड्यांचा क्रम बिघडला आणि त्या आळीपाळीने १० व ३० मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, असे धरू. तासाला बस तीनच. आगाराच्या दृष्टीने सेवेत काहीही कमी झालेले नाही. परंतु प्रवासी येत राहतात ते सारख्या ओघाने. त्यामुळे चारांपैकी तीन प्रवासी त्या ३० मिनिटांच्या मोकळ्या काळात सापडतात व सरासरी १५ मिनिटे थांबतात. एकच प्रवासी १० मिनिटांच्या काळात येतो व सरासरी ५ मिनिटे थांबतो. सर्वांची मिळून सरासरी साडेबारा मिनिटे होते. दोन बसगाड्या एकामागोमाग येऊन नंतर ४० मिनिटे काहीच आले नाही, तर ही सरासरी थेट २० मिनिटांवर जाते, म्हणजे दुप्पट होते. ‘आल्या की दोन-दोन येतात’ ही थांब्यावरची तक्रार म्हणूनच केवळ चिडचिड नाही. तिच्यामागे हे गणित आहे.

सांध्यावर हेच गणित अधिक कठोर होते. मेट्रो दर ६ मिनिटांनी आणि बस दर २० मिनिटांनी असेल, तर सकाळी बसमधून उतरून मेट्रो धरणाऱ्यास सरासरी ३ मिनिटे थांबावे लागते. संध्याकाळी मेट्रोतून उतरून बस धरताना त्याच माणसाला १० मिनिटे थांबावे लागते. रस्ता तोच, वाहने तीच, तरी परतीचा प्रवास लांबतो. दिवसभर उभ्याने काम करून परतणाऱ्या परिचारिकेस किंवा चार घरची धुणीभांडी आटोपून निघालेल्या बाईंना ही दहा मिनिटे घड्याळात दिसतात त्याहून मोठी असतात. त्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे रिक्षा. मग बसमध्ये प्रवासी नाहीत, असा अहवाल तयार होतो आणि बसची फेरी कमी होते.

दोन्ही सेवा विरळ असतील तर काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. गाडी दर १५ मिनिटांनी, म्हणजे तासाच्या ०, १५, ३० व ४५ व्या मिनिटाला येते आणि बस दर २० मिनिटांनी, म्हणजे १०, ३० व ५० व्या मिनिटाला सुटते, असे समजा. स्थानकातून थांब्यापर्यंत चालण्यास ३ मिनिटे लागतात. पहिल्या गाडीच्या प्रवाशाला १० ची बस मिळते. दुसऱ्याला पंधरा मिनिटांनी ३० ची. तिसरी गाडी बरोबर ३० ला येते, आणि तिचे प्रवासी जिना उतरत असतानाच बस निघून जाते. त्यांना ५० पर्यंत थांबणे भाग पडते. चौथ्या गाडीचे लोक पाच मिनिटांत बसमध्ये बसलेले असतात. एकाच स्थानकावर, एकाच तासात, चौघांचे चार अनुभव. अशा सेवेवर कोणी विसंबून राहत नाही.

यावर उपाय काय? बसही दर १५ मिनिटांनी सोडावी आणि ती गाडीनंतर पाच मिनिटांनी सुटेल असे पाहावे, म्हणजे प्रत्येकास दोन मिनिटांत बस मिळेल. येथे खर्चाचा प्रश्न येतो. जाऊन-येऊन ६० मिनिटे लागणाऱ्या मार्गावर २० मिनिटांच्या अंतराला तीन बसगाड्या पुरतात. १५ मिनिटांच्या अंतराला चार लागतात. पण त्याच मार्गावरील एक-दोन चौकांतील अडथळे दूर करून, किंवा मार्ग थोडा आखूड करून, फेरी ४५ मिनिटांत आणता आली, तर त्याच तीन बसगाड्यांत १५ मिनिटांची सेवा मिळते. सांध्याचा प्रश्न अनेकदा रस्त्यावरच्या चौकात सुटतो, तो असा.

स्वित्झर्लंडमधील झुरिक

हा विचार ज्या शहराने चिकाटीने अमलात आणला ते स्वित्झर्लंडमधील झुरिक होय. तेथे भुयारी रेल्वेचा प्रस्ताव मतदारांनी १९७३ मध्ये फेटाळला. १९७७ मध्ये त्याच मतदारांनी ट्राम व बस यांना रस्त्यावर अग्रक्रम देण्यासाठी २० कोटी फ्रँक खर्च करण्यास संमती दिली. चौकातील दिवे ट्राम जवळ आल्याचे ओळखून तिला वाट मोकळी करून देऊ लागले. १९९० मध्ये संपूर्ण झुरिक प्रांतासाठी एक वाहतूक संघ सुरू झाला. ट्राम, बस, उपनगरी रेल्वे, एवढेच नव्हे तर सरोवरातील बोटीही एका भाडेपद्धतीत आल्या. तेथे तिकीट वाहनाचे नसते, विभागाचे व वेळेचे असते. ठरावीक वेळात, ठरावीक विभागात, हवे त्या वाहनाने जावे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने असा संघ १९६५ मध्येच स्थापन केला होता.

वेळापत्रकातील युक्ती अगदी साधी आहे. शहरातील ट्राम दिवसा साधारणतः साडेसात मिनिटांच्या अंतराने धावते. बाहेरच्या भागातील गाड्या व बसगाड्या १५ किंवा ३० मिनिटांनी. साडेसातची दुप्पट पंधरा, पंधराची दुप्पट तीस. म्हणून एकदा बसलेला मेळ दर तासाला तसाच राहतो; वर पाहिलेल्या १५ व २० च्या जोडीसारखा तो प्रत्येक गाडीगणिक सरकत नाही. स्विस रेल्वेने हेच तत्त्व देशभर नेले. झुरिक ते बर्न हा प्रवास एका तासाहून थोडा अधिक होता. डिसेंबर २००४ मध्ये नवा लोहमार्ग सुरू करून तो तासाच्या आत आणला. दोन्ही टोकांना तासाच्या ठोक्याला जमणाऱ्या गाड्यांचा सांधा साधावा, हा त्यामागचा हेतू होता. वेग वाढविला तो सांध्यासाठी, ही गोष्ट आपल्याकडील नियोजकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

झुरिकची लोकसंख्या मुंबईच्या तुलनेत अगदीच थोडी आहे, तेथील गर्दी वेगळी, रस्ते वेगळे, हे खरे. मुंबईत मिनिटामिनिटाचे वेळापत्रक बसला पाळता येईल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोन सेवांची कालांतरे एकमेकांना भाग जातील अशी ठेवणे, याला लोकसंख्येची अडचण नाही.

मुंबईचा आजचा सांधा

महाराष्ट्रात आता मेट्रोचे युग सुरू झाले आहे. मुंबईत ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली. अंधेरी व घाटकोपर येथे ती उपनगरी रेल्वेच्या स्थानकांना पादचारी पुलांनी जोडलेली आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या मार्गाने दोन रेल्वेमार्गांचा सांधा साधला, हेच तिच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण होय. २०२२ व २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या मेट्रो २अ व ७ यांची स्थिती निराळी आहे. एक लिंक रोडवरून, दुसरी पश्चिम द्रुतगती महामार्गावरून, अशा दोन्ही पश्चिम रेल्वेला जवळजवळ समांतर धावतात. मधले अंतर आडव्या रस्त्यांनी तोडावयाचे असते, आणि ते तोडण्याचे साधन बस हेच आहे. तेथे बस कमी पडली की भागीदारीच्या रिक्षांची रांग लागते. त्या रिक्षा उपयोगी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मेट्रोवर झालेल्या प्रचंड खर्चाचे फळ शेवटच्या दोन किलोमीटरांवर अवलंबून असावे आणि त्या दोन किलोमीटरांचे नियोजन कोणीच करू नये, ही विसंगती आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणात स्थानकांच्या दोन्ही बाजूंस पाच किलोमीटरपर्यंतच्या परिसरासाठी पूरक बससेवा, पदपथ व सायकलमार्ग यांची तरतूद अपेक्षिलेली आहे. अपेक्षा कागदावर आली, हेही कमी नव्हे.

जागेचा सांधा पाहावयाचा तर कोणत्याही उन्नत स्थानकाचा जिना उतरून बघावे. एका उपनगरी स्थानकाबाहेर प्रस्तुत लेखकाने एका पावसाळी संध्याकाळी घड्याळ लावून मोजले: फलाटापासून बसथांब्यापर्यंत पोहोचण्यास सात मिनिटे लागली. त्यांतील चार मिनिटे रस्ता ओलांडण्यात गेली, कारण थांबा चौकाच्या पलीकडे होता. एक वृद्ध गृहस्थ छत्री सावरीत दुभाजकावर अडकून उभे होते. त्यांची बस समोरून निघून गेली. थांबा दीडशे पावले अलीकडे आणला असता तर ती त्यांना मिळाली असती. असा थांबा हलविण्यास नवी गाडी लागत नाही. दोन कार्यालयांतील पत्रव्यवहार तेवढा लागतो, आणि तोच बहुधा सर्वांत लांबतो.

भाड्याचा सांधाही असाच. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बस, मेट्रो आणि पुन्हा बस असा प्रवास करणाऱ्याला बसचे किमान भाडे दोनदा मोजावे लागते आणि मेट्रोचे वेगळे. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भार हलका होतो, हे भाडेआकारणीचे सर्वमान्य तत्त्व. पण वाहन बदलले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सांधा नीट न बसल्याचा त्रास सोसणाराच अधिक पैसे देतो, असा हा प्रकार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशातील ११ सेवांसाठी ‘मुंबई वन’ हे मोबाइलवरील ॲप आले, त्यामुळे तिकिटासाठी वेगवेगळ्या रांगांत उभे राहण्याची गरज कमी झाली. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र एकाच ठिकाणी तिकीट मिळणे आणि सर्व प्रवासाचे भाडे एक असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली यंत्राने साधते. दुसरीसाठी उत्पन्नाची वाटणी कशी करावयाची, यावर सर्व यंत्रणांचे एकमत व्हावे लागते.

शेवटच्या बसचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. दिवसा एखादी बस गाडीसाठी पाच मिनिटे थांबविली तर तिच्या पुढच्या सर्व फेऱ्या मागे पडतात, म्हणून आगारातील अधिकारी तसे करण्यास नाखूश असतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. रात्रीच्या शेवटच्या फेरीनंतर मात्र बिघडण्यासारखी दुसरी फेरीच नसते. ती पाच मिनिटे थांबली तर नुकसान जवळजवळ शून्य. ती निघून गेली तर शेवटच्या गाडीतून उतरलेल्या मुलीला निर्जन रस्त्याने घर गाठावे लागते. थांब्यावरच्या फलकावर शेवटच्या बसची वेळ लिहिलेली असते. तेथे वेळेऐवजी ‘शेवटची गाडी आल्यानंतर’ एवढेच शब्द लिहिता येतील, आणि तसा हुकूम चालक-वाहकांच्या त्या रात्रीच्या कामाच्या कागदावरही देता येईल.