बाळाच्या अंगावरील लाल डाग : वाट केव्हा पाहावी, केव्हा पाहू नये

तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल डाग दिसला की घरात निरनिराळी मते निघतात. आजी त्याला लासे म्हणतात, कोणी गरोदरपणी ग्रहण न पाळल्याचा दोष आईच्या माथी मारते, तर कोणी ‘मोठेपणी आपोआप जाईल’ असा दिलासा देते. ग्रहणाचा या डागांशी काडीचाही संबंध नाही. आईने अपराधी वाटून घेऊ नये. दिलाशाचा मात्र येथे विचार करावयाचा आहे, कारण तो एका डागास लागू पडतो आणि दुसऱ्यास नाही.

सर्वांत अधिक आढळतो तो पापण्या, कपाळ किंवा मानेमागचा फिकट गुलाबी चट्टा. तो जन्मतःच असतो, दाबल्यास फिकट होतो आणि बाळ रडले की गडद दिसतो. चेहऱ्यावरील चट्टा बहुधा वर्षा-दोन वर्षांत मावळतो; मानेवरचा पुष्कळदा टिकतो, पण केसांखाली झाकला जातो. यास उपचार नको.

शाळकरी मुलांच्या गालावर वा हातावर कोळ्यासारखा ठिपका दिसतो. मधोमध एक सूक्ष्म रोहिणी आणि तिच्याभोवती पसरलेले बारीक फाटे, अशी त्याची रचना असते. मध्यबिंदू दाबला की फाटे लोपतात आणि सोडताच मध्यातून बाहेर रक्त भरते. एखाद-दुसरा ठिपका निरुपद्रवी असतो. नकोसा वाटल्यास लेझरने घालविता येतो. ठिपके पुष्कळ असतील तर यकृताची तपासणी करावी.

खरी घाई असते ती हिमँजिओमाची. हा डाग जन्मतः नसतो किंवा पुसट असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत लालभडक होऊन फुगू लागतो. मुलींत व अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो अधिक आढळतो. त्याची सर्वांत वेगवान वाढ पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास होते. पहिल्या वाढदिवसानंतर तो हळूहळू विरतो, हे खरे. पण विरल्यावरही सैल कातडी, व्रण किंवा जाळीदार बारीक रक्तवाहिन्या मागे राहू शकतात. पापणीवरील गाठ दृष्टी मंद करू शकते. हनुवटी-जबड्यावरील डागाबरोबर श्वासमार्गातही गाठ असू शकते. ओठावर वा लंगोटाच्या जागी तो चिघळतो. पाच किंवा अधिक डाग असल्यास यकृताची सोनोग्राफी करावी. चेहऱ्यावर मोठा पसरलेला किंवा कमरेखाली मणक्यावर असलेला डागही सखोल तपासणी मागतो.

२००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ व सहकाऱ्यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाचा हिमँजिओमा मऊ व फिका पडला होता. हेच औषध आज प्रथम पसंतीचे आहे. दर किलो वजनामागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून, किमान सहा महिने ते द्यावे लागते. आधी हृदय व श्वसन तपासावे. औषध दूध पाजल्यावरच द्यावे. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील वा छातीत घरघर असेल तर ते थांबवून डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातील साखर उतरण्याचा धोका असतो. लहान, पातळ डागांस टिमोलॉलचे थेंब वरून लावणे पुरते.

चौथा प्रकार पोर्ट-वाइन डागाचा. तो जन्मतः सपाट व गडद असतो, मूल वाढते तसा वाढतो आणि कधीच आपोआप जात नाही. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असल्यास काचबिंदू व फेफरे यांची शक्यता ध्यानात घेऊन डोळ्यांची व मेंदूची तपासणी करावी. पल्स्ड डाय लेझरने तो फिका होतो, परंतु अनेक बैठका लागतात आणि पूर्णपणे क्वचितच जातो.

आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. डाग जन्मतः होता का, वाढतो आहे का आणि कोठे आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. दर आठवड्यास त्याचे छायाचित्र काढून ठेवा. डाग वाढत असेल तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता, शक्यतो बाळ महिन्याचे होण्याच्या आत, डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी डागाचे नाव निश्चित केल्यावाचून ‘आपोआप जाईल’ हे आश्वासन देऊ नये.