ज्योतीच्या दोन वाटा

पेण-रोहा परिसरातील जुन्या घरांच्या मागील दारी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधोमध उभी नळी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यास मोकळी जागा. हवा खालून आत येई, धूर नळीतून वर जाई. तळ राखेने भरला तर विस्तव घुसमटत असे; वरचे तोंड झाकले तर धूर माघारी फिरत असे. ज्योतीला येणाऱ्या हवेची एक वाट आणि जाणाऱ्या धुराची दुसरी वाट लागते, हा विज्ञानाचा पाठ त्या बंबाने आपल्या आजी-आजोबांना पुस्तकाविना शिकवला.

आता बंबाची जागा गॅस गिझरने घेतली आहे. यंत्र बदलले, नियम बदलला नाही. मात्र बंब मोकळ्या परसात होता आणि गिझर पुष्कळदा बंद न्हाणीघरात बसवला जातो. एका नव्या घरात आम्ही पाहिले, की डासांच्या व थंडीच्या भयाने झरोका थर्माकोलने बुजवलेला होता आणि गिझरचा धूर छताखालीच सोडलेला होता. घरातील माणसे सुशिक्षित होती. त्यांना या दोन वाटांविषयी कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित करू. आपला गॅस मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण आहे. प्रोपेनच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनास ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्केच असल्याने 1 किलो गॅस जाळण्यास साधारण 12 ते 13 घनमीटर हवा खर्ची पडते. लहान गिझर पूर्ण ज्योतीवर ताशी जवळपास 1 किलो गॅस जाळतो. म्हणजे पाव तासाच्या स्नानात 3 घनमीटरांहून अधिक हवेतील ऑक्सिजन संपतो. 5 फूट रुंद, 7 फूट लांब व 8 फूट उंच न्हाणीघरात मुळात हवाच सुमारे 8 घनमीटर असते! खोली पूर्ण बंद असेल तर ऑक्सिजन झपाट्याने घटतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. येथे तशी सूचना कोणीच देत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरून ठेवते. प्रथम डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात. मग कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, उघड्या गच्चीत किंवा सज्जात बसवावा व आत केवळ पाण्याची नळी आणावी. धूर नेणारी नळी धातूची, आखूड, कमीत कमी वळणांची व वर चढत जाणारी असावी. तिचे तोंड भिंतीबाहेर, खिडकीपासून दूर काढावे. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. ती बाजू टाळून तोंडावर टोपी बसवावी. धरमतर खाडीकडील खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो, म्हणून दरवर्षी नळी तपासावी. कुंभारमाशीचे मातीचे घरटेही एवढ्याशा तोंडाला पुरेसे असते. आत येणाऱ्या हवेसाठी भिंतीत तळाशी एक व वर एक कायमचा झरोका ठेवावा. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालचा झरोका त्यालाही वाट देतो. झरोके न ठेवता केवळ पंख्याने हवा बाहेर खेचली, तर नळीतील धूर उलटा आत येऊ शकतो.

अतिथंड देशांत घर उबदार ठेवणाऱ्या आधुनिक गॅसभट्टीला हवेची व धुराची अशा दोन नळ्या भिंतीबाहेर काढतात. हिमवृष्टीनंतर त्यांच्या तोंडावरील बर्फ हटवणे हे तेथील घराघरांतले काम आहे. त्या नळ्या प्लास्टिकच्या असू शकतात, कारण ती भट्टी धुरातील बहुतेक उष्णता शोषून घेते. आपल्या गिझरचा धूर मात्र फार तापलेला असतो; त्याला प्लास्टिकची नळी कधीही लावू नये.

निळी, स्थिर ज्योत हे सुलक्षण. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर गिझर बंद करावा. न्हाणीघरात कोणी हाकेला ओ देत नसेल तर दार फोडून ते सताड उघडावे, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वसतिगृहातून घरी जाल तेव्हा प्रथम न्हाणीघराचा झरोका पाहा. तो बुजलेला असेल तर मोकळा करा आणि त्यामागचे कारण घरच्यांना समजावून सांगा. शिक्षणाचा उपयोग घरातील एका श्वासाला झाला, तरी ते सार्थकी लागले असे आम्ही मानू.