घाटातले वळण

पावसाळ्यात सुट्टी आली, की छत्रपती संभाजीनगरहून मोटारसायकलने घाट पाहण्याचे बेत ठरतात. कन्नड ओलांडून चाळीसगावकडे उतरताना औट्रम घाट लागतो. अशा घाटाच्या वळणावर वेग किती असावा?

वळण घेण्यास केंद्राकडे ओढणारे बल लागते. हे अभिकेंद्री बल सपाट रस्त्यावर टायरचे घर्षणच पुरवते. वळणाची त्रिज्या २० मीटर व वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, धरू. वेगाच्या वर्गाला त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागा: १०० ÷ (२० × ९.८) = ०.५१. घर्षणगुणांक निदान एवढा हवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ०.७ च्या आसपास असतो. ओल्या रस्त्यावर ०.५ च्याही खाली येऊ शकतो. मग गाडी घसरणारच! ताशी २७ किलोमीटर वेगाला मात्र ०.२९ पुरतो.

सूत्रात वस्तुमान नाही, हे ध्यानात आले का? मागे मित्र बसला, तर लागणारे बल वाढते. पण घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. वळणातच ब्रेक दाबला, तर मात्र त्या घर्षणातला वाटा ब्रेक खातो. म्हणून वेग वळणाआधीच उतरवावा.

आता ताशी ५४ किलोमीटरसाठी हाच आकडा काढून पाहा.